सुरुवातीच्या अ‍ॅनिमे लेझरडिस्क: खरेदी, तपासणी आणि जतन

अ‍ॅनिमेच्या (जपानी अ‍ॅनिमेशनच्या) लेझरडिस्क जमवण्याचे मनात आले, की बहुतेक जण आधी डिस्क घेतात आणि प्लेअर नंतर बघू म्हणतात. मीही तेच केले होते. टोकियोत नोकरीनिमित्त राहत असताना सुट्टीच्या दिवशी जुन्या वस्तूंच्या दुकानांतून चाळीसेक डिस्क आणल्या, त्यांची कव्हरे पाहून आनंद मानला आणि आठ महिन्यांनी प्लेअर आला तेव्हा कळले, की त्यांतल्या सात डिस्कची निदान एक बाजू पाहण्यासारखी उरलेली नाही. लेझरडिस्क बाहेरून निर्दोष दिसूनही आतून खराब झालेली असू शकते आणि ते लावून पाहिल्याशिवाय समजत नाही. म्हणून या लेखातला क्रम प्लेअरपासून सुरू होतो, आणि नव्या संग्राहकाने तो मोडू नये असे मला कळकळीने वाटते.

लेझरडिस्क ही ग्रामोफोनच्या लाँग-प्ले रेकॉर्डएवढी, म्हणजे 30 सेंटिमीटर व्यासाची तबकडी असते. ती सीडीसारखी चकाकते आणि लेझरनेच वाचली जाते, तरी तिच्यावरचे चित्र डिजिटल नसून अ‍ॅनालॉग असते. ध्वनी सुरुवातीला अ‍ॅनालॉगच होता, पुढे त्याच्या जोडीला डिजिटल ध्वनीही आला. जपानमध्ये पायोनिअर कंपनीने 1981 च्या ऑक्टोबरमध्ये हे तंत्र घरगुती बाजारात आणले. डिसेंबर 1983 मध्ये ‘डॅलोस’ ही थेट घरच्या व्हिडिओसाठी काढलेली पहिली अ‍ॅनिमे मालिका आली आणि टीव्ही किंवा चित्रपटगृह यांच्यावर अवलंबून नसलेल्या अ‍ॅनिमेची, म्हणजे ओव्हीएची, बाजारपेठ उभी राहिली. त्या प्रेक्षकाला चित्र पुन्हापुन्हा पाहायचे होते, थांबवून निरखायचे होते, आणि व्हिडिओ कॅसेटपेक्षा लेझरडिस्कवर ते कितीतरी स्वच्छ दिसत असे. त्या काळातल्या काही कलाकृती नंतरच्या माध्यमांवर नीट आल्याच नाहीत. काही आल्या त्या रंग बदलून किंवा चित्रातला फिल्मचा दाणेदारपणा पुसून आल्या. मूळ रूपात त्या पाहायच्या, तर डिस्ककडेच जावे लागते.

पायोनिअरने जानेवारी 2009 मध्ये लेझरडिस्क प्लेअरचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. तेव्हापासून बाजारात मिळणारी प्रत्येक वस्तू वापरलेली किंवा कुणाच्या तरी गोदामात पडून राहिलेली आहे.

आधी प्लेअर

सुरुवात करणाऱ्याने 1990 च्या दशकाच्या मध्यातला पायोनिअरच्या सीएलडी मालिकेतला, दोन्ही बाजू आपोआप वाजवणारा आणि डिजिटल ध्वनी देणारा प्लेअर शोधावा. डिस्क उलटवण्यासाठी उठावे लागत नाही ही सोय तर आहेच. शिवाय या काळातल्या यंत्रांचे सुटे भाग दुसऱ्या बंद यंत्रांतून मिळवणे तुलनेने सोपे जाते. डीव्हीएल मालिकेतले प्लेअर डीव्हीडीही चालवतात आणि उत्पादनाच्या शेवटच्या वर्षांतले असल्यामुळे वयाने लहान असतात. एचएलडी-एक्स9 सारख्या उच्च दर्जाच्या प्लेअरमध्ये नेहमीच्या अवरक्त लेझरऐवजी कमी तरंगलांबीचा लाल लेझर आहे, त्यामुळे खराब होऊ लागलेल्या डिस्कही तो अधिक चांगल्या वाचतो. मात्र त्याची किंमत पाहता तो पहिला प्लेअर म्हणून घेऊ नये. अगदी आरंभीचे, गॅसनळीचा लेझर असलेले प्लेअर संग्रहालयासाठी ठीक आहेत, रोजच्या वापरासाठी नाहीत.

विकणाऱ्याला ‘चालू आहे का’ एवढेच विचारून भागत नाही. डिस्क आतून बाहेर वाचली जाते, म्हणून पहिल्या बाजूची सुरुवात आणि शेवट, तसेच दुसऱ्या बाजूची सुरुवात आणि शेवट अशा चारही ठिकाणचे चित्र दिसेल असा व्हिडिओ मागावा. ट्रे उघडत नसेल, तर बहुधा आतला रबरी पट्टा सैल पडलेला असतो. हा दोष किरकोळ आहे. पहिली बाजू चालते आणि दुसरी लागत नाही, असे असेल तर लेझरची गाडी ज्या मार्गाने डिस्कच्या वरच्या अंगाला जाते तिथले ग्रीस वाळलेले असू शकते. तेही साफ करून नवे लावता येते. डिस्क फिरायला लागून मध्येच थांबत असेल, तर मात्र मोटर किंवा लेझर थकला असण्याची शक्यता आहे आणि असे यंत्र सुट्या भागांच्या भावातच घ्यावे.

अनेक प्लेअरच्या तळाशी वाहतुकीचा स्क्रू असतो. तो आवळला, की लेझरची गाडी एका जागी पक्की बसते. प्लेअर पाठवण्याआधी डिस्क बाहेर काढून हा स्क्रू आवळायला विकणाऱ्याला लेखी सांगावे आणि यंत्र घरी आल्यावर वीज जोडण्यापूर्वी तो आठवणीने सैल करावा. माझा दुसरा प्लेअर एका विक्रेत्याने स्क्रू न आवळताच पाठवला होता. आतली गाडी रुळावरून निखळली होती आणि दुरुस्तीला यंत्राच्या किमतीएवढाच खर्च आला.

वीजपुरवठ्याचा विचार भारतात राहणाऱ्यांनी वेगळा करायला हवा. जपानी प्लेअर 100 व्होल्टवर चालतो, आपल्या घरी 230 व्होल्ट येतात. वारंवारितेची अडचण सहसा येत नाही, कारण जपानमध्येच पूर्वेकडे 50 हर्ट्झ आणि पश्चिमेकडे 60 हर्ट्झ असल्याने तिथली यंत्रे दोन्हींवर चालतील अशी बनवलेली असतात. तरीही मागच्या पट्टीवर ‘50/60’ छापले आहे याची खात्री करावी. बाजारात तयार मिळणारे बरेच ट्रान्सफॉर्मर 110 व्होल्टचे असतात, आणि घरचा दाब थोडा वाढला, की तोच आकडा 120 च्या घरात जातो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरातल्या दुकानांत सांगून 100 व्होल्टचा, तांब्याच्या तारेचा, निदान 150 व्होल्ट-अँपिअर क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घ्यावा. दिसायला ओबडधोबड असला तरी तो वर्षानुवर्षे टिकतो.

डिस्कवर काय लिहिले आहे ते वाचणे

लेझरडिस्कला डीव्हीडीसारखे प्रदेशांचे बंधन नाही. जपान आणि अमेरिका या दोन्ही ठिकाणच्या डिस्क एनटीएससी या टीव्हीच्या चित्रपद्धतीच्या असल्याने एकाच प्लेअरवर चालतात. काळ्या रंगाची पातळी मात्र दोन्हींकडे वेगळी धरलेली आहे. अमेरिकी डिस्कसाठी टीव्हीची ब्राइटनेस जुळवून ठेवली असेल, तर जपानी डिस्कवरचे गडद प्रसंग बुडाल्यासारखे दिसतात, म्हणून दोन जुळण्या वेगळ्या लिहून ठेवाव्यात.

यानंतर पाहायचे ते सीएव्ही आणि सीएलव्ही हे प्रकार. सीएव्ही डिस्क अखंड एकाच वेगाने, मिनिटाला 1800 फेरे, फिरते. एका फेऱ्यात एक पूर्ण चित्रचौकट बसते, एका बाजूवर 30 मिनिटे म्हणजे 54,000 चौकटी मावतात, आणि कोणतीही चौकट थांबवून हवा तितका वेळ स्थिर पाहता येते. सीएलव्ही डिस्कचा वेग आतून बाहेर जाताना 1800 वरून 600 फेऱ्यांपर्यंत उतरतो, एका बाजूवर तासभर मावतो, पण साध्या प्लेअरवर स्थिर चौकट मिळत नाही. साधारण अर्ध्या तासाच्या ओव्हीएचा एक भाग सीएव्हीच्या एका बाजूवर नेमका बसतो, आणि हातांनी रंगवलेल्या सेलचा, म्हणजे अ‍ॅनिमेशनच्या पारदर्शक चित्रपत्र्यांचा, अभ्यास करणाऱ्यांना यासारखे साधन नाही. ‘अकिरा’ची अमेरिकेत क्रायटेरियन कंपनीने काढलेली सीएव्ही आवृत्ती तीन डिस्कची आहे, कारण दोन तासांहून थोडा मोठा चित्रपट अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाच बाजू व्यापतो. कव्हर हरवले असले, तरी सीएव्ही डिस्क डोळ्यांनी ओळखता येते: ती दिव्याखाली तिरपी धरली, की केंद्रापासून कडेपर्यंत गेलेले, समोरासमोरचे दोन सरळ पट्टे चकाकीत दिसतात. प्रत्येक चौकटीच्या दोन अर्ध्या भागांमधली रिकामी जागा दर फेऱ्याला त्याच ठिकाणी आल्याने ते उमटलेले असतात.

भाषेचा विचार खरेदीआधीच करावा. जपानी डिस्कवर सहसा इंग्रजी उपशीर्षके नसतात, म्हणून जपानी न येणाऱ्याने चित्रासाठी जपानी आणि समजण्यासाठी अमेरिकी आवृत्ती असा मार्ग धरावा. काही अमेरिकी द्विभाषिक डिस्कवर एक भाषा डिजिटल ध्वनिमार्गावर आणि दुसरी अ‍ॅनालॉग मार्गावर असते. रिमोटवरचे ध्वनीचे बटण दाबून ती बदलता येते, त्यामुळे रिमोटशिवाय प्लेअर घेणे महागात पडते.

जपानी डिस्कच्या कव्हराला डावीकडे कागदाची पट्टी गुंडाळलेली असते, तिला ओबी म्हणतात. ओबी फाटकी असली तरी फेकू नये. तिच्यावर छापील किंमत असते (एका डिस्कसाठी 7,800 येन हा आकडा वारंवार दिसतो) आणि त्या किमतीवरून काळाचा अंदाज येतो. जपानमध्ये 1 एप्रिल 1989 पासून 3 टक्के उपभोग कर लागू झाला आणि 1997 मध्ये तो 5 टक्के झाला, म्हणून किमतीशेजारी कराचा उल्लेख असेल तर ती छपाई 1989 नंतरची समजावी. त्याच शीर्षकाची आधीची छपाई हवी असणाऱ्याला हा धागा फार उपयोगी पडतो. डिस्कच्या क्रमांकाची आद्याक्षरेही प्रकाशक सांगतात: बीईएलएल म्हणजे बंदाई, पीआयएलए म्हणजे पायोनिअर एलडीसी, केआयएलए म्हणजे किंग रेकॉर्ड्स.

खरेदी

जपानमध्ये असाल तर मांदाराके, सुरुगाया आणि हार्ड ऑफ यांची दुकाने पालथी घालावीत. सर्वसाधारण शीर्षके काही शे येनांत मिळतात. भारतातून घेणाऱ्याला जपानी लिलावस्थळांवर मध्यस्थ सेवेमार्फत बोली लावावी लागते. तिथल्या वर्णनांतले तीन शब्द ओळखता यायला हवेत. ‘ओबी-त्सुकी’ म्हणजे ओबीसह. ‘दोओसा मिकाकुनिन’ म्हणजे चालवून पाहिलेले नाही. ‘जंकू’ म्हणजे चालेल याची हमी नाही आणि परत घेणार नाही. डिस्कच्या बाबतीत ‘चालवून पाहिलेले नाही’ हे बहुतेक वेळा खरेच असते, कारण विकणाऱ्याकडे प्लेअर नसतो. तो धोका किमतीत धरूनच बोली लावावी.

लिलावस्थळांच्या याद्यांत व्हीएचडी नावाच्या डिस्कही मिसळलेल्या असतात. जेव्हीसीने 1983 मध्ये जपानी बाजारात आणलेली ही निराळी पद्धत आहे. तिची तबकडी प्लॅस्टिकच्या बंद डबीत असते आणि लेझरडिस्क प्लेअरमध्ये ती चालत नाही. अ‍ॅनिमे त्या पद्धतीवरही निघाले होते आणि कव्हरचे चित्र तेच असू शकते, म्हणून चित्राच्या मोहात न पडता कव्हरवरची पद्धतीची खूण पाहावी.

कव्हरासह एक डिस्क पाव किलोच्या आसपास भरते, त्यामुळे टपालखर्च अनेकदा डिस्कपेक्षा जास्त होतो. मध्यस्थाच्या गोदामात आठ-दहा डिस्क जमू द्याव्यात आणि मग एकत्र मागवाव्यात. भारतात सीमाशुल्काची आकारणी मालाच्या किमतीत वाहतूक आणि विमा धरून होते, हेही हिशेबात घ्यावे. जहाजाने मागवणे स्वस्त असले तरी बंद कंटेनरमधल्या उष्णतेने अ‍ॅक्रिलिकची तबकडी वाकू शकते. मी विमानटपालाखेरीज मागवत नाही. मोठे संच घेताना विशेष सावध राहावे. ‘उरुसेई यात्सुरा’ या 195 भागांच्या टीव्ही मालिकेचा 1987 मधला संच 50 डिस्कचा होता आणि त्याची किंमत 3,30,000 येन होती. असा संच जुना घेताना प्रत्येक डिस्क आहे का, ती आपल्याच कव्हरात आहे का आणि पुस्तिका आहे का, हे तिन्ही लेखी विचारावे.

घरी आल्यावरची तपासणी

डिस्क कडेने आणि मधल्या लेबलला बोट लावून धरावी. चकाकत्या भागाला हात लागू देऊ नये. ती ट्यूबलाइटखाली तिरपी करून हळूहळू फिरवावी. लेझरडिस्क म्हणजे दोन अ‍ॅक्रिलिक चकत्या पाठीला पाठ लावून चिकटवलेल्या असतात, आणि प्रत्येकीच्या आतल्या अंगाला अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर असतो. म्हणून आधी कडा पाहावी: चकत्या सुटू लागल्या आहेत का, गोंद पाझरला आहे का, आत बुडबुडे आहेत का. मग पृष्ठभाग पाहावा. केसाएवढे बारीक चरे सहसा त्रास देत नाहीत, कारण लेझरचा केंद्रबिंदू त्यांच्या खाली असतो. केंद्राकडून कडेकडे गेलेल्या चऱ्यापेक्षा गोलाईच्या दिशेने गेलेला खोल चरा अधिक वाईट, कारण त्यावर लेझर मार्ग चुकतो आणि चित्र अडकते किंवा उडी मारते.

साफ करायचे असेल, तर शुद्ध पाण्याने किंचित ओलावलेले मायक्रोफायबरचे कापड केंद्राकडून कडेकडे सरळ रेषेत फिरवावे. स्पिरिट, थिनर, अ‍ॅसिटोन यांतले काहीही वापरू नये. अ‍ॅक्रिलिकला त्याने बारीक तडे जातात.

यानंतर डिस्क लावून दोन्ही बाजू पूर्ण पाहाव्यात. पुढे पळवत पाहण्यात अर्थ नाही. लेझर रॉट म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या थराचे ऑक्सिडीकरण. दोन चकत्यांमधला सदोष गोंद आणि आत शिरलेली दमट हवा यांनी ते होते, आणि चित्रावर ते लुकलुकणाऱ्या पांढऱ्या-रंगीत ठिपक्यांच्या रूपात दिसते. वाढले तर ठिपक्यांचा पाऊस पडल्यासारखे होते आणि आवाजात कचकच येते. दोन्ही चकत्या स्वतंत्र असल्याने एक बाजू स्वच्छ आणि दुसरी पार गेलेली, असे सर्रास घडते.

अ‍ॅनिमेच्या बाबतीत इथे एक खास अडचण येते. 1980 च्या दशकातल्या ओव्हीएंमध्ये अंतराळाचे प्रसंग भरपूर आहेत, आणि काळ्या आकाशात लुकलुकणारा ठिपका तारा आहे की रॉट, हे सांगता येत नाही. मी पहिल्यांदा एका डिस्कचा अर्धा भाग सुंदर तारांगण समजून पाहिला होता. पुढच्याच प्रसंगात नायिकेच्या गालावरही तेच तारे चमकू लागले. म्हणून तपासणीसाठी सपाट रंगाची जागा निवडावी: दिवसाचे निळे आभाळ, चेहऱ्याचा रंग, यंत्रमानवाच्या छातीवरचा लाल पत्रा. सेलवर हा रंग एकसारखा भरलेला असतो, त्यामुळे त्यावर एक ठिपका आला तरी डोळ्यांत भरतो. चौकटीगणिक जागा बदलणारा ठिपका रॉटचा असतो; सेलसोबत सरकणारा डाग चित्रीकरणाच्या वेळच्या धुळीचा असतो आणि तो मूळ कलाकृतीचाच भाग आहे.

ठिपके दिसले, की लगेच डिस्कला दोष देऊ नये. खात्रीची दुसरी डिस्क त्याच प्लेअरवर लावावी. तिच्यावरही ठिपके आले, तर लेझरचे भिंग मळलेले आहे. चित्रावर तिरप्या, तरंगणाऱ्या रेघा येत असतील, तर डिस्क वाकलेली असण्याचा किंवा प्लेअरचा कोन बिघडलेला असण्याचा संभव आहे.

चित्र नीट दिसण्यासाठी

लेझरडिस्कवरचा सिग्नल मुळातच कंपोझिट असतो, म्हणजे प्रकाश आणि रंग एकत्र मिसळलेले असतात, आणि त्यांना कोंब फिल्टर वेगळे करतो. एस-व्हिडिओची तार जोडली तर हे काम प्लेअर करतो, पिवळी तार जोडली तर टीव्ही. दोघांपैकी कोण चांगले करतो ते तपासून पाहावे. अ‍ॅनिमेतल्या काळ्या बाह्यरेषांवर हा फरक ठळक दिसतो: कच्च्या फिल्टरमुळे रेषेच्या कडेला ठिपके रांगू लागतात. यासाठी ‘गनबस्टर’ या 1988-89 च्या मालिकेचा सहावा भाग मी हाताशी ठेवतो, कारण तो जवळजवळ पूर्ण कृष्णधवल आहे. कृष्णधवल चित्रात दाट रेषांवर इंद्रधनुष्य उमटले, तर तो रंग फिल्टरच्या चुकीचाच असणार. शक्य असल्यास जुना, काचेच्या पिक्चर ट्यूबचा टीव्ही वापरावा.

साठवण

डिस्क उभ्याच ठेवाव्यात, त्याही सरळ; तिरप्या रेललेल्या किंवा एकावर एक रचलेल्या डिस्क वाकतात. फूटभर रुंदीच्या खणात साठ-पासष्ट डिस्क बसतात आणि त्यांचे वजन पंधरा किलोंहून जास्त भरते, म्हणून फळी जाड असावी. अ‍ॅक्रिलिक हवेतले पाणी शोषते, आणि कोकणपट्टीच्या पावसाळ्यात हीच मोठी काळजी आहे. पावसात पाझरणाऱ्या बाहेरच्या भिंतीला कपाट टेकवू नये, आत आर्द्रतामापक ठेवावा, सिलिका जेलच्या पिशव्या दर महिन्याला वाळवून परत ठेवाव्यात, आणि आकडा 40 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहावे. आतली जुनी प्लॅस्टिकची पिशवी डिस्कला चिकटू लागली असेल, तर ती बदलून टाकावी; ओबी सांभाळण्यासाठी बाहेरून स्वच्छ जाड पिशवी घालावी.

रॉट थांबवता येत नाही. कोरड्या, थंड जागेत त्याची गती कमी राहते इतकेच. म्हणून दुर्मीळ डिस्कची स्वतःपुरती प्रत करून ठेवणे आवश्यक आहे. टीव्हीकडे जाणारा सिग्नल पकडणारे साधे कॅप्चर कार्ड सुरुवातीला पुरते. त्यापुढची वाट डोम्सडे डुप्लिकेटर या मुक्त आराखड्याच्या साधनाची आहे. ते प्लेअरच्या आतून लेझरचा कच्चा सिग्नल सेकंदाला चार कोटी नमुन्यांच्या वेगाने घेते आणि एलडी-डीकोड ही मुक्त आज्ञावली त्यातून चित्र उभे करते. एकाच शीर्षकाच्या दोन-तीन प्रती अशा उतरवल्या, तर त्या एकमेकींशी ताडून एकीतले ठिपके दुसरीच्या आधारे भरून काढता येतात. त्यामुळे स्वस्तात मिळालेली, थोडी खराब झालेली दुसरी प्रतही टाकून देऊ नये. प्लेअर उघडून तार जोडावी लागते; हाताला डागकामाची सवय नसेल, तर ते जाणकाराकडून करून घ्यावे.

आधी कोणती डिस्क उतरवायची, हे ठरवण्यासाठी मी वहीत प्रत्येक बाजूची स्वतंत्र नोंद ठेवतो: पाहिल्याची तारीख, कोणत्या प्लेअरवर पाहिली, आणि ठिपके कोणत्या मिनिटाला, कोणत्या रंगावर, किती. दर वर्षी दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की, तीच बाजू त्याच प्लेअरवर पुन्हा लावून त्याच मिनिटाचे ठिपके मोजतो. गेल्या वर्षी एका डिस्कच्या दुसऱ्या बाजूवर, 21 व्या मिनिटाच्या निळ्या आभाळात तीन ठिपके होते आणि यंदा अकरा मोजले. ती बाजू त्याच आठवड्यात उतरवून घेतली.